अण्णांनी धरलेला नंबर

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, की हेमलता मधल्या खोलीत चटई टाकते आणि घटकाभर अंग टेकते. इचलकरंजीच्या या गल्लीत दुपारी डोळा लागायचा तर मागच्या बोळातले यंत्रमाग चालू असावे लागतात. बाहेरगावचा पाहुणा त्या खटखटाटानं हैराण होतो आणि इथली माणसं, उलट, माग बंद पडले की दचकून जागी होतात. हेमलता लग्न होऊन सांगलीहून आली तेव्हा पाहुण्यांतच जमा होती. आता ती इथली झाली आहे.

आज मात्र माग चालू असूनही झोप येत नाही. चारच्या चहाला धाकटा दीर विलास येणार आहे. कागद घेऊन येणार आहे आणि तिनं त्यावर सही करायची आहे.

कागद कसला ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं चाचपडायला नको. हेमलताचे सासरे अण्णा सातपुते यांची मागांची एक शेड. वय झालं तसे अण्णांनी माग विकले आणि शेड नजीरभाई नावाच्या कारखानदाराला भाड्यानं दिली. पुढं एक दिवस ती शेड त्यांनी थोरल्या सुनेला, म्हणजे हेमलताला, रीतसर बक्षीसपत्र करून देऊन टाकली. थोरल्या मुलाला दिली नाही, कारण उदयचा हात सैल. मित्राच्या कर्जाला जामीन राहायची त्याला भारी हौस. धाकट्या विलासला बाजारातलं दुकान आणि त्यावरचं घर मिळालं. कुणाची तक्रार नव्हती.

गंमत पुढंच होती. शेड सुनेची झाली, भाडं सुनेचं झालं, पण भाड्यावरचा आयकर भरायचा अण्णांनीच. सासऱ्यानं सुनेला काही बक्षीस दिलं तर त्यातून येणारं उत्पन्न, देणारा जिवंत आहे तोवर, कायदा देणाऱ्याच्याच पदरात मोजतो. सीए मगदूमांनी हे समजावून सांगितलं तेव्हा कट्ट्यावरच्या मंडळींनी अण्णांची यथेच्छ चेष्टा केली. अण्णा हसले आणि दरवर्षी मुकाट्यानं कर भरत राहिले. दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहायची त्यांना सवयच होती. रेशन असो की वीजबिल, अण्णा भल्या सकाळी जाऊन घरातल्यांचा नंबर धरायचे आणि ज्याचं काम तो आवरून आला की बाजूला व्हायचे. ‘हिचा नंबर हाय, मी नुसता धरलाता,’ असं मागच्या माणसाला सांगून.

मग अण्णा गेले. गेले त्या वर्षीचा त्यांचा कर विलासनं वारस म्हणून भरला, ते बरोबरच झालं. चूक झाली ती पुढच्या खेपेला. भाडं आधीपासून विलासच गोळा करायचा, ते त्याच्याच खात्यात जमा व्हायचं आणि तिथून तो वहिनीला आणून द्यायचा. मग करही त्यानं स्वतःच्या नावानं भरून टाकला. अण्णांचं सगळं मी चालवतोय, तर हेही माझ्याच अंगावर, असा त्याचा सरळ विचार. वास्तविक अण्णांचा श्वास थांबला त्या दिवसापासून ते भाडं हेमलताचं उत्पन्न झालं होतं आणि त्यावरचा कर हेमलताचा. गोळा कोण करतो याला तिथं काही किंमत नाही. मगदूम एकदा दोघांच्याही कानावर घालून गेले होते, ‘विलासराव, तुम्ही भरलंत म्हणून वहिनी सुटत नाहीत. उद्या विचारणा झाली तर त्यांनाच होणार.’ विलासनं मान डोलावली आणि विसरला. हेमलता विसरली नाही, पण गप्प बसली. गप्प बसणं सोयीचं असतं.

आणि माणसाचं असं असतं, की एखाद्या वस्तूचा कर आपण भरायला लागलो की ती वस्तू हळूहळू आपलीच वाटायला लागते. नजीरभाईंचा भाडेकरार संपलाय. नवा करार विलासच्या नावानं करायचा असं त्याच्या घरात ठरलंय, आणि हेमलतानं त्याला ना हरकत द्यायची आहे. ती देणार आहे. तिनं मनाशी पक्कं केलंय. उदय बारा महिने फिरतीवर, अडीनडीला धावून येणारा विलास एकटाच. त्याच्याशी वाकडं घेऊन राहायचं कुणाच्या जिवावर? शेड गेली तर पोरीचं शिक्षण कशावर करायचं, हा प्रश्न तिनं उशीखाली दाबून ठेवलाय आणि त्याच उशीवर डोकं टेकलंय.

सकाळी दाराच्या कडीत अडकून तिच्या पदराचा एक धागा तुटला. काठाजवळ त्याची दोन टोकं लोंबतायत. कात्री आणायला उठायचा कंटाळा येतो म्हणून ती एक टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. बोळातले माग खटखटतायत. त्यातला एक माग जरा वेगळा वाजतोय, असं तिला वाटतं. वाटेपर्यंत पापणी जड होते.

‘तार तुटलीया,’ पायाशी कुणीतरी म्हणतं.

अण्णा बसलेत. पत्र्याच्या ट्रंकेवर, नेहमीसारखे, एक पाय खाली सोडून. अंगात बाह्यांची बनियन आणि पट्ट्यांचा लेंगा. भुवयांवर कापसाची तूस. हेमलता दचकत नाही. तिला एवढंच वाटतं, की डोक्यावरून पदर घ्यायला हवा, आणि हात काही उचलत नाही.

‘कुठली तार, अण्णा?’

‘आता मलाच इचारतीस? नवी नवरी होतीस तवा सैपाकघरातनं हाक मारून सांगितलंतंस, अण्णा, पलीकडचा माग येगळा वाजतोय. जाऊन बघतोय तर खरंच तार तुटल्याली. माझ्या दोन्ही पोरांस्नी कळलं न्हवतं. तवाच म्हटलं, हिला कान हाय.’

‘चहा टाकते,’ हेमलता म्हणते. घरात माणूस आलं की तिच्या तोंडून हेच आधी निघतं, मग ते माणूस जिवंत असो नसो.

ती उठून ओट्याशी जाते. ओटा नेहमीचाच आहे, शेगडी नेहमीचीच, पण शेगडीच्या दोन्ही बाजूंना माग चालू आहेत. ओटा शेडच्या मधोमध उभा आहे. धोटे इकडून तिकडे पळतायत, आणि शेडमध्ये चिटपाखरू नाही. आवाज मात्र लांबून यावा तसा येतोय. अण्णा एका मागापाशी उभे राहून कापडाकडं बोट दाखवतात.

पांढरं शुभ्र कापड. त्यात एका तारेची, एका उभ्या धाग्याची, जागा रिकामी, सरळ. कापड पुढं पुढं निघतंय आणि ती फटही त्याच्याबरोबर लांबत चाललीय.

‘तार तुटली की मागानं थांबाय पायजे,’ अण्णा म्हणतात. ‘ह्यो थांबंना. कालच्यागत आज, आजच्यागत उद्या, चाललंय आपलं. मी गेलो तिथनं ही फट सुरू झालीया बघ.’

‘विलासभाऊजी बघतात की सगळं.’

‘बघतोय खरा. बिचारा लई बघतोय.’

कापड मागावरून उतरून जमिनीवर येतं, दारातून बाहेर जातं. हेमलता त्याच्या काठाकाठानं चालते. बाहेर गल्ली असायला हवी, पण तिथं नोंदणी कार्यालयाचा तो लांबलचक व्हरांडा आहे. बाकांवर माणसं बसलीत, सगळी पाठमोरी. कापड त्यांच्या पायांखालून गेलंय आणि कुणीही पाय उचलत नाही. खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो, ‘देणार?’

अण्णा हात वर करतात. ‘मी.’

‘घेणार?’

हेमलता तोंड उघडते. आवाज निघत नाही. पाठमोरी माणसं खोळंबल्यासारखी चुळबुळतात. कारकून पुन्हा विचारतो, ‘घेणार कोण?’ एवढासा तर शब्द, आणि तो घशातून वर येत नाही म्हणजे काय!

‘देणं माझं एका दिसात उरकलं,’ अण्णा हळूच म्हणतात. ‘तुझं घेणं अजून उरकंना.’

‘सही केली होती की मी.’ आता आवाज फुटतो. ‘तुमच्या समोर केली होती.’

‘केलीस. इलासनं बोट ठिवलं तिथं केलीस. आज बी त्यो बोट ठेवंल तिथं करणार हाईस.’

हे तिला लागतं. असं अण्णा कधी बोलायचे नाहीत. पण खरं आहे ते, आणि खरं आहे म्हणूनच लागतं. ‘मला घर तुटायला नकोय, अण्णा,’ ती म्हणते. ‘मला शेडचं काही नाही. असली काय, नसली काय.’

‘आणि पोरगीचं?’

अण्णा बाकावर बसतात, शेजारची जागा हातानं झटकून तिला बस म्हणतात. बाकावरची तूस उडते आणि खाली येतच नाही, हवेत तशीच राहते.

‘तुला एक सांगू? मगदूम म्हणाला, सुनंला दिलंसा तरी कर तुमीच भरायचा, तवा सगळी हसली मला. मला मातर बरं वाटलं. म्हटलं, कागुद झाला म्हणून लागाबांधा तुटला न्हाई. मी हाय तवर हिचं ओझं माझ्यावर हाय, हे सरकार बी मानतंय. दरसाली भरून आलो की दोन घास जास्त जायाचं मला.’

हेमलताला रडू येतं. तिला हे कधीच कळलं नव्हतं. अण्णा कर भरून आल्यावर ती त्यांना ताक द्यायची आणि ते गटागटा पिऊन टाकायचे, एवढंच तिला आठवतं.

‘पर ते मी हाय तवरच,’ अण्णा म्हणतात आणि उठतात.

व्हरांडा संपतो तिथं पायऱ्या लागतात. त्या उतरता उतरता खाली पाणी दिसतं. पंचगंगेचा घाट. याच पायऱ्यांवरून घरच्यांनी अण्णांच्या अस्थी सोडल्या होत्या. आता त्याच जागी एक खिडकी आहे, जाळीची, आणि तिच्यापुढं माणसांची रांग थेट पाण्यात गेलीय. कुणी बोलत नाही. रांगेच्या मध्यावर पायरीवर अण्णांच्या चपला मांडून ठेवलेल्या आहेत, एकीला एक लावून, जागा धरायला ठेवतात तशा. पाणी त्यांच्या अंगठ्याला लागतंय.

‘तुम्ही अजून रांगेतच आहात?’ हेमलता विचारते.

‘नंबर धरलाय.’

‘कुणाचा?’

अण्णा तिच्याकडं नुसतं बघतात. मग हनुवटीनं पुढं दाखवतात. चपलांच्या शेजारी, रांगेला खेटून, विलास उभा आहे. अंगात अण्णांचा शर्ट. तो त्याला ढगळ होतोय, बाह्या बोटांच्याही खाली लोंबतायत, त्यामुळं त्याचे हात दिसतच नाहीत. तो घामानं निथळतोय. या पायावरून त्या पायावर भार टाकतोय. कधीपासून उभा आहे कोण जाणे. हेमलता हाक मारते, ‘भाऊजी!’ तो वळत नाही.

‘त्याला ऐकू जात न्हाई,’ अण्णा म्हणतात. ‘मी बी सांगून बघितलं. बाळा, सर बाजूला, ही जागा तुझी न्हवं. त्याला वाटतंय, बापाची सेवा कराय लागलोय. आणि सेवा करून करून आता त्याला वाटाय लागलंय, जागा आपलीच हाय. वंगाळ न्हाई त्यो. दमलाय.’

हेमलता विलासकडं बघत राहते. आजवर ती घाबरली ती एकाच गोष्टीला. आपण सही नाही म्हटलं तर विलासच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं होईल, आणि तो दुखावेल. आता त्याच्या लोंबत्या बाह्या बघून तिला त्याची कणव येते. याला कुणीतरी घरी जा म्हणायला हवं होतं. ते म्हणायचा हक्क या जगात एकट्या तिला होता आणि ती गप्प बसली.

‘मी आले तर विलासभाऊजी जातील घरी?’

‘जाईल.’

‘आणि तुम्ही?’

‘मी बी जाणार की. दुसऱ्याचा नंबर माणसानं किती दिस धरायचा?’

‘मग मी येत नाही.’ ती लहान मुलीसारखी बोलते आणि तिला त्याची लाजही वाटत नाही. ‘तुम्ही धरा. मी येतच नाही.’

अण्णा हसतात. तेच हसू, आधी खांदे हलणारं आणि मग तोंडावर येणारं. ‘पदर आण बघू हिकडं,’ ते म्हणतात. ‘धागा तुटून लोंबायला लागलाय, आणि मागवाल्याची सून तू.’

ती पदराचं टोक पुढं करते. अण्णा डावरे. डाव्या हाताच्या चिमटीत ते दोन्ही टोकं धरतात, थुंकीचं बोट लावतात, आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत गाठ बसते. शेडमध्ये सगळ्यांच्या गाठी सारख्या, अण्णांची तेवढी उलटी. तिचं शेपूट डाव्या अंगाला निघायचं. कापडावर नुसतं बोट फिरवून माग दुरुस्त करणारा जॉबर सांगायचा, ही मालकांची गाठ.

‘झालं,’ अण्णा म्हणतात. वाकून चपला उचलतात, पायात घालतात आणि रांगेतून एक पाऊल बाजूला होतात. मागच्या माणसाला सांगतात, ‘हिचा नंबर हाय. मी नुसता धरलाता.’

हेमलता मोकळ्या झालेल्या पायरीवर पाय ठेवते. पाणी गार आहे, घोट्यापर्यंत. ती मागं वळून बघणार, तेवढ्यात सगळं एकदम गप्प होतं.

माग बंद पडलेत. त्या शांततेनंच तिला जाग येते. पंखा फिरता फिरता थांबतोय. वीज गेली असणार. ती चटईवर उठून बसते, गालावरचं पाणी पुसायला पदर उचलते आणि तिचा हात तिथंच थांबतो.

काठाजवळ लोंबणारी टोकं नाहीत. तिथं एक गाठ आहे. बारीक, घट्ट, तांदळाच्या कणीएवढी. तिचं शेपूट डावीकडं निघालंय. तिला मागाची गाठ येत नाही. अण्णांनी किती वेळा शिकवली, तिच्या बोटांना कधी जमली नाही. ती गाठीवर अंगठा ठेवून बसून राहते, आणि दारात चपला वाजतात.

‘वहिनी, झोपलाय काय? लाईट गेली वाटतं,’ म्हणत विलास आत येतो. शर्ट त्याचा स्वतःचाच आहे, मापाचा. तरी हेमलताचं लक्ष आधी त्याच्या बाह्यांकडं जातं. तो घामेजलाय. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढतो, चटईवर पसरतो आणि तळाशी बोट ठेवतो. ‘हितं. नुसती एक सही. आजच्या आज नजीरभाईला देऊन टाकतो.’

हेमलता त्या बोटाकडं बघते. या खेपेला आवाज लगेच फुटतो. ‘भाऊजी, आधी बसा. किती दिवस उभं राहायचं तुम्ही?’

त्याला काही कळत नाही. तो बसतो.

‘मी सही करणार नाही. रागावू नका माझ्यावर. करार माझ्या नावानं होईल, भाडं माझ्या खात्यात येईल, आणि त्याचा कर यंदापासून मी भरणार. मागचं जे तुमच्या नावानं भरलं गेलंय ते कसं सरळ करायचं, ते मगदूमांना विचारू. तुम्ही चला माझ्यासंगं. तुमच्याशिवाय मला कोण आहे?’

विलासचा चेहरा उतरतो, मग ताठ होतो. ‘म्हंजे आम्ही एवढं केलेलं गेलं? भरतोय की मी कर. कधी कुरकुर केली काय? तुम्हाला कशाला तो तरास?’

‘तो त्रास माझाच आहे, भाऊजी,’ हेमलता म्हणते. ‘माझाच नंबर होता. तुम्ही नुसता धरलाता.’

विलास चमकून वर बघतो. हे शब्द तिचे नाहीत. लहानपणापासून त्यानं ते एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेत. तो काही विचारणार तोच हेमलता पदराचं टोक त्याच्यापुढं धरते. उजेड कमी म्हणून तो दाराकडं तोंड करून वाकतो. बघतो. पदराला हात लावत नाही, नुसता बघत राहतो.

मग वीज येते. बोळात एक माग सुरू होतो, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता सगळी गल्ली पूर्ववत खटखटायला लागते. विलास कागदाची घडी घालतो, पिशवीत ठेवतो आणि मनगटानं डोळे पुसतो.

‘मगदूमांकडं सकाळीच जाऊया,’ तो म्हणतो. उठून दारापर्यंत जातो, चपलेत पाय घालता घालता थांबतो, आणि पाठमोराच राहून म्हणतो, ‘वहिनी, ती गाठ मातर कापू नका.’